पहारेकरी पेंगले तर?

मुलांनो, एका माणसाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवतात, हे तुम्ही ऐकलं असेल. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टन इथं डॉ. जोसेफ मरे यांनी ते प्रथम यशस्वी करून दाखवलं. देणारा आणि घेणारा हुबेहूब जुळे भाऊ होते. त्यामुळे शरीराला नवं मूत्रपिंड परकं वाटलंच नाही!

पण प्रत्येकाला जुळा भाऊ कुठून असणार? रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपले पहारेकरी. परका अवयव दिसला की त्या त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून डॉक्टर त्यांना जरा पेंगवणारी औषधं देतात. ती बहुधा जन्मभर घ्यावी लागतात. अवयव टिकतो, माणूस जगतो. पण पहारेकरी पेंगले की चोरांचं फावतं, बरं का! एरवी गप्प असणारे काही विषाणू डोकं वर काढतात. अशा रुग्णांत त्वचेचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त आढळतो; गोऱ्या कातडीच्या लोकांत तर फारच.

यातला एक चोर कसा सापडला, ठाऊक आहे? 'मर्केल पेशींचा कर्करोग' हा त्वचेचा दुर्मीळ पण घातक रोग. पिट्सबर्गच्या युआन चँग आणि पॅट्रिक मूर या पती-पत्नींच्या गटाने त्याच्या गाठींमधले जनुकीय संदेशांचे लाखो तुकडे वाचले. मग चक्क हजेरी घेतली! माणसाच्या हजेरीपटावरचे तुकडे बाजूला काढले. उरला तो घुसखोर! २००८ साली त्यांनी हा विषाणू जगापुढे आणला. या रोगाच्या दहापैकी सुमारे आठ गाठींत तो असतो.

गंमत म्हणजे, बहुतेक मोठ्या माणसांना हा विषाणू कधी ना कधी भेटलेला असतो आणि काहीच बिघडत नाही. शिवाय सगळ्याच त्वचाकर्करोगांमागे विषाणू नसतो. उन्हातले अतिनील किरण हेही मोठे गुन्हेगार आहेत.

पालकांनो, घरात असा रुग्ण असेल तर औषधं मनानंच बंद करू नका. अवयव गमवावा लागेल. उन्हात टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. नवी गाठ किंवा न भरणारी जखम दिसली की लगेच डॉक्टरांना दाखवा.

आणि मुलांनो, शिवल्याने कर्करोग लागत नाही. अशा आजोबांजवळ खुशाल बसा. त्यांना स्वतःची पाठ दिसत नाही. तिथला पहारा तुमच्याकडे!