मायग्रेशन अर्ध्यात अडकलं तर

आज ईआरपीनेक्स्ट अपग्रेड करण्याबद्दल आणि त्यात मी घातलेल्या गोंधळाबद्दल.

इथे डेहराडूनला आमच्या मराठी मंडळाचे हिशेब मी सांभाळतो, स्वतःच्या सर्व्हरवर. सीएंना हिशेब द्यायला तीन दिवस होते आणि मला चौदावरून पंधराव्या आवृत्तीवर जायची हुक्की आली. 'बेंच मायग्रेट' सुरू केलं, ते मध्येच थांबलं. शेवटची ओळ होती 'रो साइझ टू लार्ज'. मी तीच कमांड पुन्हा दिली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दिली. फौजेत एखाद्या जवानाने असं केलं असतं तर मी त्याला काय म्हणालो असतो, ते इथे सांगत नाही.

मायग्रेशनमध्ये आधी काही पॅच चालतात, मग टेबलांची रचना बदलते, मग उरलेले पॅच. पूर्ण झालेल्या पॅचची नोंद 'पॅच लॉग'मध्ये होते, म्हणून कमांड पुन्हा दिली की ते वगळून काम पुढे जातं. पण अडथळा तसाच असेल तर गाडी तिथेच येऊन थांबणार. शिवाय मारियाडीबीत टेबलाची रचना एकदा बदलली की ती आपोआप मागे येत नाही. म्हणजे माझा डेटाबेस ना धड जुना, ना धड नवा.

अडथळा माझाच होता. सभासदांसाठी मी 'कस्टमर' फॉर्ममध्ये रक्तगटापासून गावाकडच्या पत्त्यापर्यंत ढीगभर रकाने वाढवले होते, सगळे 'डेटा' प्रकारचे. असा रकाना १४० अक्षरांचा, एका अक्षराला जास्तीत जास्त ४ बाइट, म्हणजे ५६० बाइट. तुम्ही त्यात दोनच अक्षरं लिहा, हिशेबात ५६०च धरले जातात. एका ओळीची मर्यादा ६५,५३५ बाइट. सव्वाशेच्या आतच संपली! नव्या आवृत्तीला आणखी रकाना घालायला जागाच नव्हती. असे रकाने 'स्मॉल टेक्स्ट' केले की मजकूर ओळीबाहेर साठवता येतो आणि मर्यादेत त्याचे मोजकेच बाइट धरले जातात.

बॅकअप होता. पण लक्षात घ्या, जुन्या डेटाला जुनाच प्रोग्राम लागतो. नुसता डेटाबेस मागे नेऊन भागत नाही. मी सर्व्हरवर चौदावी आवृत्ती नव्याने बसवली, बॅकअप रिस्टोअर केला, रकाने बदलले, पुन्हा बॅकअप घेतला. मग आधी जुन्या लॅपटॉपवर, एका प्रतीवर मायग्रेशन केलं. ही रंगीत तालीम पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

मायग्रेशन बिनबोभाट संपलं म्हणजे हिशेब बरोबर आहेत असं नाही. ३१ मार्चचा तेरीज पत्रक अपग्रेडआधी काढून ठेवा आणि नंतरच्याशी खातंनिहाय ताडून बघा. नावे आणि जमा यांची बेरीज जुळली एवढ्यावर थांबू नका. एखादं अख्खं व्हाउचर गायब असलं तरी ती जुळतेच. माझी सगळी खाती जुळली, तेव्हा कुठे मुख्य सर्व्हरला हात लावला.

एक गोष्ट मात्र राहिलीच. सभासदांना पावत्यांचे ईमेल जाईनात. साठवलेले पासवर्ड उघडणारी 'एन्क्रिप्शन की' डेटाबेसमध्ये नसते, ती साइटच्या कॉन्फिग फाइलमध्ये असते. बॅकअपसोबत त्या फाइलचीही प्रत निघते, तिच्यातून की उचलून नव्या फाइलमध्ये घातली आणि सीए यायच्या आदल्या संध्याकाळी पावत्या निघाल्या.