स्पीकर बदलू नका, आधी मोजा

राष्ट्रीय विज्ञान दिन झाला की प्रदर्शनांची, प्रशस्तिपत्रांची छायाचित्रं पानोपानी दिसतात. त्यांत न दिसणारा एक प्रकल्प दरवर्षी असतोच: आदल्या रात्री उत्तम चालणारा आणि परीक्षक टेबलाशी येताच गप्प झालेला. बोलणारी काठी असो, चोर आला की ओरडणारा अलार्म असो की घरी जोडलेला रेडिओ, शेवटच्या टोकाला स्पीकर असला की दगाफटका ठरलेला. ज्या सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये तबला-मृदंगाच्या सुरेल नादामागचं भौतिकशास्त्र मांडलं, त्यांच्याच शोधाच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या या दिवशी हे व्हावं म्हणजे जरा अतीच.

मग पालक लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली गाठतात. नवा स्पीकर येतो, तोही बोलत नाही. मग नवं मॉड्यूल, नवी वायर, नवी चिडचिड. नळाला पाणी नाही म्हणून कुणी नळ बदलत सुटत नाही; इथे मात्र तेच चालतं. वास्तविक कॉइल, चुंबक आणि कागदी शंकू एवढाच ऐवज असलेला स्पीकर हा या सगळ्या जोडणीतला बऱ्यापैकी सोशिक गडी. गडबड बहुधा त्याच्या अलीकडे असते.

तो निर्दोष आहे हे ठरवायला मिनिटही लागत नाही. त्याची एक वायर सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर लावा. ८ ओहम छापलेला स्पीकर ६-७ ओहम दाखवेल. तसंच असतं, कारण छापलेला आकडा ध्वनीच्या बदलत्या प्रवाहासाठीचा असतो. मीटरने काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, ‘टक्’ आवाज आला की शंका मिटली. मात्र पितळी चकतीचा पिझो बझर या परीक्षेत नापास होतो आणि तरीही ठणठणीत असतो, कारण त्यात कॉइलच नसते.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे वळतो. बॉब पीझ. अमेरिकेतल्या नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीत तीन दशकांहून अधिक काळ काम केलेला हा दाढीवाला इंजिनिअर. १९९१ मध्ये त्याने अ‍ॅनालॉग सर्किटमधले बिघाड शोधण्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. संगणकावरच्या सिम्युलेशनवर त्याचा राग जगजाहीर होता. का नसावा? सोल्डरचा कोरडा जोड संगणकाला दिसतच नाही. मिलिगनचा नियम म्हणून त्याने एक गोष्ट सांगितली आहे: मोजताना काही विचित्र दिसलं, तर ते किती विचित्र आहे हे लिहून ठेवा. ‘चालत नाही’ ही तक्रार झाली, ‘इथे ४.५ ऐवजी ०.३ व्होल्ट’ हा धागा झाला.

योगायोग असा की, आपल्या मुलांच्या ब्रेडबोर्डवर दिसणारी एलएम३८६ ही अँप्लिफायर आयसी मूळची त्याच कंपनीची. तिची पाचवी पिन म्हणजे आउटपुट, आणि आयसी धड असेल तर तिथे पुरवठ्याच्या निम्मा दाब मिळतो: ९ व्होल्टला साधारण ४.५. तो नसेल तर आधी सहाव्या पिनवर पुरवठा पोचतो का पाहा, आणि तोही थेट आयसीच्या पायावर मोजा. लांब ब्रेडबोर्डच्या काठच्या पट्ट्या अनेकदा मध्येच तुटक असतात. बॅटरीही सर्किट चालू ठेवूनच मोजा. थकलेली चौकोनी बॅटरी सुटी असताना ऐटीत ९ दाखवते आणि भार आला की बसते.

निम्मा दाब मिळाला? मग आवाज वाढवून तिसऱ्या पिनला बोट लावा. बॅटरीवरच्या सर्किटलाच, घरच्या विजेवर चालणाऱ्या वस्तूला चुकूनही नाही. शरीराने गोळा केलेली ५० हर्ट्झची घरघर ऐकू आली तर आयसीपासून स्पीकरपर्यंत सगळं जिवंत आहे, दोष अलीकडे शोधा. शांतता असेल तर पलीकडे: आउटपुटचा कॅपॅसिटर, कोरडा जोड किंवा हेडफोनचा सॉकेट. प्लग घातला की स्पीकर तोडणारी त्यातली पत्ती मळली, तर प्लग काढल्यावरही स्पीकर तुटलेलाच राहतो. एका स्पर्शात निम्मं सर्किट संशयातून सुटतं, ही खरी गंमत.

काही बिघाड मात्र आपणच विकत घेतो. आर्डुइनो उनोच्या पिनला ८ ओहमचा स्पीकर थेट जोडला, तर ५ भागिले ८, म्हणजे ६२५ मिलिअँपिअरची मागणी. पिनची कमाल मर्यादा ४०. मधे रेझिस्टर किंवा ट्रान्झिस्टर हवाच. पीएएम८४०३ किंवा डीएफप्लेअर मिनी या मॉड्यूलना जोडलेल्या स्पीकरची एकही वायर ग्राउंडला लावायची नसते. जुन्या सवयीने लावली की आयसी उडू शकते.

हे सगळं फोन विचारल्यावर सांगतो, हे मान्य. पण फोन पाचव्या पिनला हात लावत नाही. म्हणून परीक्षकांना माझी सूचना: चकचकीत पोस्टरचे गुण कापा आणि ते बिघाडाच्या वहीला द्या. काय बंद पडलं, कुठे काय मोजलं, काय निघालं, एवढंच विचारा. ज्या मुलीला याचं उत्तर देता येतं, तिचा स्पीकर त्या क्षणी मुका असला तरी पहिला नंबर तिचाच.