अंध भावाचा हिस्सा

आम्हीं तीस वर्षें महसुली कारकुनी केली. वारसांच्या फेरफारांत एक गोष्ट वारंवार दिसे. घरांतील अंध भावाचा अंगठा हक्कसोडपत्रावर घेतलेला असे. आणि तें त्यास कोणी वाचून दाखविलें होतें कीं नाहीं, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. त्याची खंत आज वाटते.

जन्मांधास वारसा नाहीं, हा हिंदु कायद्यांतील जुना निर्बंध १९२८ सालींच उठला. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यान्वयें रोग वा व्यंग यांमुळें कोणीही वारस अपात्र ठरत नाहीं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें मालमत्ता बाळगणें, आपला पैसा आपण सांभाळणें व बँकेचें कर्ज घेणें यांचा समान अधिकार दिला. शिवाय शेतजमीन-वाटपाच्या सरकारी योजनांत शेंकडा ५ आरक्षण ठेविलें.

हें आरक्षण मिळण्यास शेंकडा ४० वा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. सरकारी रुग्णालयांत डोळे तपासून तो आधीं काढावा. घरचें उत्पन्न अत्यल्प असल्यास तहसील कचेरींत संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करावा. उत्पन्नाची मर्यादा कडक आहे, म्हणून उत्पन्नाचा दाखला खरा जोडावा.

परंतु अनुदान म्हणजे हिश्श्याचा मोबदला नव्हे. शेतकरी बंधूंनो, सातबारावर अंध भावाचें नांव राहूं द्या. त्यास नांगर धरतां येत नसेल, तर त्याच्या हिश्श्याचें उत्पन्न त्याच्या हातीं द्या. आणि अंगठा घेण्यापूर्वीं प्रत्येक कागद त्यास शब्दशः वाचून दाखवा.