जड क्रँक, हलका क्रँक : भांडण नक्की कशाचं?

रात्री जेवणं झाली की हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये जे वाद रंगतात, त्यातला एक वाद कायमचा. बुलेटवाले म्हणतात, "आमचा क्रँक जड, म्हणून टॉर्क जास्त." केटीएमवाले म्हणतात, "आमचा हलका, म्हणून पॉवर जास्त." दोन्ही पार्ट्या जोरात बोलतात आणि गंमत म्हणजे दोन्ही पार्ट्या चुकतात! चला तर मग, जरा हिशोब करून बघूया.

फोर-स्ट्रोक सिंगल सिलिंडर इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमध्ये पॉवर स्ट्रोक एकदाच येतो. म्हणजे ७२० अंशांपैकी फक्त १८० अंश इंजिन कमावतं आणि उरलेले ५४० अंश बसून खातं. सक्शन, कॉम्प्रेशन, एक्झॉस्ट हे तिन्ही खर्चाचे स्ट्रोक. हा खर्च क्रँक आणि त्याच्यावरचं फ्लायव्हील भागवतं. घरून पैसे महिन्यातून एकदा येतात, पण चहा रोज लागतो ना? फ्लायव्हील म्हणजे इंजिनाचं सेव्हिंग अकाउंट. थिअरी ऑफ मशीन्समधला टर्निंग मोमेंट डायग्राम (जो आपण बहुतेक जण ऑप्शनला टाकतो) हेच सांगतो.

आता आयडलिंग १००० आरपीएमला धरा. मिनिटाला ५०० स्फोट, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ. मधल्या वेळात इंजिन बंद पडू नये म्हणून साठा मोठा हवा. पण साठवलेली एनर्जी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५००० आरपीएमला तोच क्रँक २५ पट एनर्जी बाळगून असतो. म्हणून जड क्रँकची खरी गरज खालच्या आरपीएमला असते. वर गेलं की तो नुसता लाडावलेला पाहुणा!

जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेट ३५० मध्ये बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी आणि आत दोन जाडजूड फ्लायव्हील. तिचा तो संथ ठेका आणि क्लच सोडल्यावर न अडखळता निघणं, ही त्या वजनाची कृपा. पण वजन टॉर्क तयार करत नाही. टॉर्क सिलिंडरमध्ये जळणाऱ्या पेट्रोलमधून येतो. क्रँक फक्त साठवलेलं परत देतो, तेही क्षणभर. खंबाटकी घाट चढताना साठा दोन-चार सेकंदांत संपतो, पुढे इंजिनाच्या स्वतःच्या टॉर्कवरच चढायचं असतं.

दुसरीकडे २०१३ साली आलेली, बजाजच्या चाकण प्लँटमध्ये बनलेली ३७३ सीसीची ड्यूक ३९० घ्या. बोअर ८९ मिमी, स्ट्रोक फक्त ६० मिमी. ९५०० आरपीएमला तिच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटर होतो. बुलेटचा पिस्टन तेवढ्या आरपीएमला पळवला तर तो २८.५ मीटर होईल आणि इंजिन हात जोडेल! ड्यूकची पॉवर छोटा स्ट्रोक, चार व्हॉल्व्ह आणि जास्त कॉम्प्रेशन यांतून आली आहे, क्रँकच्या वजनातून नाही.

मग वजनाने नक्की बदलतं काय? आरपीएम किती पटकन चढतो-उतरतो, एवढंच. समजा क्रँकचा मोमेंट ऑफ इनर्शिया ०.०२ किलो-मीटर वर्ग आहे, चाकाची त्रिज्या ०.३ मीटर आणि पहिल्या गिअरचा एकूण रेशो १८. रेशोला त्रिज्येने भागा, त्याचा वर्ग करा आणि इनर्शियाने गुणा. उत्तर ७२ किलो! म्हणजे पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेट करताना तुमच्या मागे एक न दिसणारा डबलसीट मित्र बसलेला असतो. टॉप गिअरचा रेशो ६ धरला तर तोच मित्र ८ किलोची सॅक होतो. आणि स्थिर वेगाला क्रँक ना काही घेतो, ना देतो. त्यामुळे हलक्या क्रँकने पिकअप सुधारेल, पण टॉप स्पीड वाढणार नाही. उलट चिखलात किंवा ओल्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर जरा जोरात पिळला की मागचं चाक पटकन सुटेल, कारण झटका सौम्य करणारं वजनच गेलं.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे आमच्या विंगमधला एक जण चार महिन्यांचे साठवलेले पैसे घेऊन क्रँक लेथवर लावायला निघालाय. त्याला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना सांगणं एवढंच. एक, वजनाइतकीच त्याची जागा महत्त्वाची. मध्यापासून ९ सेंटिमीटरवरचं एक किलो हे ३ सेंटिमीटरवरच्या एका किलोच्या नऊ पट जाणवतं. दोन, क्रँकवरचं सगळं वजन फालतू नसतं. काउंटरवेट पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडच्या हलण्याचा काही भाग बॅलन्स करतं. ते अंदाजाने कापलं की व्हायब्रेशन वाढतं आणि बेअरिंगचा जीव जातो. तीन, आपल्या सिंगल सिलिंडर बाइकचा क्रँक बहुधा दोन भाग क्रँकपिनवर प्रेस करून जोडलेला असतो. पुन्हा जोडताना व्ही-ब्लॉकवर ठेवून, डायल गेज लावून, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सरळ करावा लागतो. "मॅग्नेट खरवडून देतो, दोन तासांत गाडी न्या" असं कोणी म्हणालं तर दोन मिनिटांत तिथून निघा. पातळ झालेला मॅग्नेट फुल स्पीडला फुटला तर तो पायाशेजारीच असतो.

पिकअपच हवा असेल तर मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं लावून बघा. टॉप स्पीड थोडा कमी होईल आणि ॲव्हरेजही जरा पडेल, पण खर्च कमी. नाही आवडलं तर जुनं परत बसवता येतं. लेथवर कापलेलं लोखंड मात्र परत चिकटत नाही!