लोखंडी नळीतला बाण

दिवाळीत बाटलीत उभं करून उडवायच्या रॉकेटला आपण अजून ‘बाण’ म्हणतो. शब्द जुना आहे. पेशवाईतही बाण म्हणजे दारू भरलेला, पेट घेऊन सुटणारा अग्निबाण. तो चालवणारा बाणदार.

दारूचा शोध चीनचा, आणि अग्निबाणही आधी तिथेच उडाले. पण कागदाच्या किंवा बांबूच्या नळीला मर्यादा असते. ती ओलांडली म्हैसूरच्या लोहारांनी. अठराव्या शतकात हैदर अली आणि टिपू सुलतान यांच्या फौजेतले बाण लोखंडी नळीचे होते. माझ्या मते रॉकेटच्या इतिहासातली ही फार मोठी उडी आहे.

तिचं कारण दाबात आहे. दारूत सोरा, गंधक आणि कोळसा. सोरा तापला की ऑक्सिजन सोडतो, म्हणून बाहेरची हवा नसतानाही दारू जळते. तयार होणारा वायू नळीत कोंडतो. दाब वाढला की कागदी नळी फाटते. लोखंडी नळी तो सोसते. मग दारू घट्ट ठासता येते, वायू मागच्या तोंडातून जास्त वेगाने सुटतो आणि नळी तितक्याच जोराने पुढे ढकलली जाते. नळीला चामड्याच्या वादीने लांब बांबू बांधलेला असे. बाण तिरका झाला की वारा या शेपटीला रेटून त्याला पुन्हा सरळ करतो. काडी मोडलेला बाण अंगणात कसा सैरावैरा धावतो, हे लहानपणी आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे.

१० सप्टेंबर १७८० रोजी कांचीपुरमजवळ पोल्लिलूरला कर्नल बेलीची इंग्रज फौज हैदर-टिपूंनी मोडली. तिचे दारूगोळ्याचे गाडे बाणांनीच पेटवले, असं मानलं जातं. 

१७९९ मध्ये टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण पडली आणि तिथले बाण इंग्लंडला, वुलिचला गेले. विल्यम काँग्रीव्ह या इंग्रज संशोधकाने त्यावरून नवी रॉकेटं बनवली. १८०७ मध्ये ती कोपनहेगनवर बरसली. काँग्रीव्हचं श्रेय नाकारू नये. त्याने वजन, आकार, पल्ला हे सगळं पद्धतशीर मोजून बसवलं. पण त्याचं नाव जगाला पाठ आहे आणि ती नळी घडवणाऱ्या एकाही लोहाराचं नाव आपल्याला माहीत नाही, याची खंत वाटते.

त्यांचं काम मात्र सापडलं. २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर इथे एक कोरडी विहीर उपसली गेली. मातीला दारूचा वास येत होता. आत हजाराहून अधिक गंजलेले बाण होते, प्रत्येक जेमतेम वीतभर लांबीचा.