‘अमेझिंग रेस’ कोण जिंकणार? चाहत्यांचे अंदाज इथे चुकतात!

‘द अमेझिंग रेस’ हा अमेरिकी शो २००१ मध्ये सुरू झाला. दोघादोघांच्या टीम जगभर धावतात; बहुतेक टप्प्यांत शेवटची टीम बाद होते. बक्षीस १० लाख डॉलर! पहिल्या भागानंतरच चाहते क्रमवारी लावतात: धडधाकट तरुण वर, वयस्कर खाली.

अंदाज कुठे फसतो?

विमानतळावर: दोन तासांची आघाडी असली तरी विमान सुटेपर्यंत थांबावंच लागतं. मागचे तिथे गाठतात.

रस्त्यावर: बाराव्या सीझनमध्ये (२००७-०८) स्पर्धक मुंबईतही आले होते. समजा, परक्या टीमने अंधेरीत फोर्टसाठी रिक्षा पकडली. वांद्रे-सायनपुढे रिक्षाला बंदी! उतरा, टॅक्सी शोधा. अंधेरीकराला हे ठाऊक असतं, पाहुण्याला नाही.

त्या सीझनला जिंकली तरुण जोडीच. पण दुसरे आले बाप-लेक आणि तिसरे ६८ वर्षांचे आजोबा व त्यांचा नातू.

मग काय पाहाल?

सूचना नीट कोण वाचतं, रस्ता कोण विचारतं आणि चुकल्यावर जोडीदारावर कोण खेकसत नाही. दंडाची ताकद त्यानंतर.