जखमेला स्वतःच्याच रक्ताचें साह्य



दाढ काढल्यावर दंतवैद्य कापसाचा बोळा चावून धरावयास सांगतात आणि बजावतात कीं, आज चूळ खळखळून भरूं नका, थुंकूं नका, त्या जागीं जीभ लावूं नका. पुष्कळांना हा नियम विचित्र वाटतो. तोंडांत रक्त आलें कीं तें धुऊन टाकावें, ही आपली जन्माची संवय. परंतु दाढेच्या रिकाम्या खळग्यांत रक्ताची जी काळपट तांबडी गांठ धरते, ती घाण नव्हे. पुढें तेथें भरून येणाऱ्या हाडाचा तो पाया होय. ह्याच पायाला रुग्णाच्या रक्तांतूनच बळकटी आणण्याचा एक उपाय गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मुखशस्त्रक्रियेंत रूढ होत गेला आहे. त्याची ओळख आज करून द्यावयाची आहे.

रक्तांत तांबड्या व पांढऱ्या पेशींखेरीज आणखी एक अतिसूक्ष्म घटक असतो. त्याला रक्तबिंबिका म्हणतात. प्लेटलेट त्या ह्याच. डेंग्यूच्या तापामुळें हा शब्द आतां घरोघरीं माहीत झाला आहे. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरांत त्या सुमारें १,५०,००० ते ४,००,००० असतात, आणि प्रत्येकीचें आयुष्य फार तर आठ-दहा दिवसांचें. रक्तवाहिनीला इजा होतांच ह्या बिंबिका तेथें चिकटतात व गांठ धरण्यास आरंभ होतो, हें इटलींतील तुरीन येथील शास्त्रज्ञ जूलिओ बित्सोत्सेरो यांनीं १८८२ सालीं दाखवून दिलें. पुढें दीर्घकाळपर्यंत, रक्तस्राव थांबविला कीं बिंबिकांचें काम संपलें, असाच समज होता.

ह्या समजाला १९७४ सालीं धक्का बसला. अमेरिकेंत सिॲटल येथें रसेल रॉस व त्यांचे सहकारी रोहिणीच्या भिंतींतील पेशी काचेच्या भांड्यांत वाढवीत होते. गोठलेल्या रक्तापासून निघालेला द्रव त्यांना घातला कीं त्या भराभर वाढत. पण बिंबिका आधींच काढून टाकलेल्या रक्तद्रवापासून तयार केलेला द्रव घातला तर वाढ मंदावे. त्यांतच बिंबिका मिसळल्या कीं वाढ पुन्हां जोमानें होई. यावरून असें ठरलें कीं, बिंबिकांच्या पोटांत वाढीला चेतना देणारीं द्रव्यें सांठविलेलीं असतात आणि गांठ धरतांना तीं बाहेर पडतात. म्हणजे बिंबिका ह्या केवळ फुटका बांध घालणारे मजूर नव्हेत; नव्या बांधकामासाठीं गवंड्यांना हांक मारणारे मुकादमहि त्याच.

आतां दाढेच्या खळग्याकडे वळूं. हातावरची जखम कोरडी ठेवतां येते, तिला पट्टी बांधतां येते. तोंडांतील जखमेला ती सोय नाहीं. तेथें सदैव ओल, जंतूंची वस्ती, जिभेची चाळवाचाळव आणि अन्नाचे कण. अशा स्थितींत गांठ टिकली, तर आठवड्याभरांत तिच्या जागीं कोंवळें ऊतक येतें, कांहीं आठवड्यांत त्यांत कच्चें हाड धरूं लागतें, आणि तें पक्कें होण्यास कित्येक महिने जातात. उलट गांठ निसटली किंवा विरघळली, तर हाड उघडें पडतें. मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कानापर्यंत जाणारा असह्य ठणका लागतो व तोंडाला दुर्गंधी येते. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतींत हें विशेष घडतें, आणि धूम्रपान करणाऱ्यांत त्याचें प्रमाण अधिक असतें.

मुखशस्त्रक्रियेंत बिंबिकांच्या उपयोगाला मोठी चालना १९९८ सालीं मिळाली. मायामी येथील रॉबर्ट मार्क्स व त्यांचे सहकारी यांनीं त्या वर्षीं ८८ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. गांठी काढल्यामुळें ह्या रुग्णांच्या खालच्या जबड्यांत ५ सेंटिमीटर वा त्याहून मोठें खिंडार पडलें होतें. तेथें रुग्णाच्याच हाडांतील गर भरतांना कांहीं जणांच्या बाबतींत त्यांत बिंबिकांनीं समृद्ध केलेला रक्तद्रव मिसळला. त्यांतील बिंबिकांचें प्रमाण मूळच्या तिपटीहून अधिक होतें. क्ष-किरणांनीं घेतलेल्या चित्रांत त्यांचें हाड इतरांपेक्षां लवकर परिपक्व झालेलें दिसलें. मात्र ही रीत खटाटोपाची होती. रक्त आधीं गोठूं नये म्हणून त्यांत औषध घालावें लागे, आणि शेवटीं तें पुन्हां गोठविण्यासाठीं गुरांच्या रक्तापासून काढलेलें थ्राँबिन मिसळीत.

२००१ सालीं फ्रान्समधील जोझेफ शुक्रून व त्यांचे सहकारी यांनीं ही खटपट टाळणारी सोपी रीत पुढें मांडली. रुग्णाच्या हाताच्या शिरेंतून १० मिलिलिटरच्या एक-दोन नळ्या भरून रक्त घ्यावयाचें, त्यांत कांहींहि न मिसळतां लगेच तें यंत्रांत मिनिटाला सुमारें ३,००० फेऱ्यांच्या वेगानें दहा-बारा मिनिटें फिरवावयाचें. गढूळ पाण्याचा हंडा रात्रभर निवांत ठेवला कीं गाळ तळाशीं बसतो. तेंच काम येथें वेगाच्या जोरावर होतें. तांबड्या पेशी तळाशीं जातात, वर पिंवळसर द्रव राहतो, आणि मध्यें फायब्रिनच्या तंतूंची जाळी असलेला मऊ गोळा तयार होतो. त्या जाळींत बिंबिका व पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात. हा गोळा तसाच खळग्यांत बसवून वर टांका घालतात, किंवा हलकेंच दाबून त्याचा पातळ पडदा करतात. वाढीचीं द्रव्यें त्यांतून कित्येक दिवस सावकाश झिरपत राहतात. रक्त रुग्णाचेंच असल्यामुळें परक्याच्या रक्तांतून रोग येण्याचें भय नसतें.

एवढ्यानें कितपत साधतें? खालच्या अक्कलदाढेवर झालेल्या अनेक चाचण्यांत वेदना कमी झाल्याचें व गांठ निसटण्याचे प्रसंग घटल्याचें आढळलें आहे. हाड अधिक लवकर किंवा अधिक चांगलें भरतें कीं काय, याविषयीं मात्र निष्कर्ष एकमुखी नाहींत. चाचण्या बहुधा लहान, आणि यंत्र, वेग व वेळ जागोजागीं निराळीं. त्यामुळें एकाचा अनुभव दुसऱ्यास जसाच्या तसा लावणें कठीण जातें. म्हणून चार दिवसांत हाड भरून देण्याचें आश्वासन कोणीं दिलें, तर सुज्ञानें सावध व्हावें. निरोगी माणसाची साधी दाढ काढली, तर निसर्गानें धरलेली गांठ बहुधा पुरेशी असते. खोल रुतलेली दाढ काढावयाची असेल, किंवा पुढें तेथें कृत्रिम दांत बसविण्याचा बेत असेल, तर ह्या उपायाचा विचार अवश्य व्हावा. पण जादा खर्च करण्यापूर्वीं ‘माझ्या बाबतींत ह्यानें नेमका काय लाभ?’ हें वैद्यास मोकळेपणीं विचारावें.

आणि हा उपाय करा वा न करा, गांठ संभाळण्याचें काम रुग्णाकडेच राहतें. पहिले चोवीस तास जोरानें चूळ भरूं नये, नळीनें ओढून पेय घेऊं नये. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचें पाणी तोंडांत नुसतें फिरवून हलकेंच सोडावें. विडी, सिगारेट, तंबाखू व मिश्री निदान जखम भरेपर्यंत तरी दूर ठेवावी. रक्त पातळ ठेवण्याचें औषध चालू असेल, तर तें दंतवैद्यास आधींच सांगावें. स्वतःच्या मनानें बंद करूं नये. ठणका दिवसेंदिवस कमी होण्याऐवजीं तिसऱ्या दिवशीं वाढूं लागला, तर लवंगेच्या तेलावर भिस्त न ठेवतां पुन्हां दंतवैद्याकडे जावें. यंत्रांतून काढलेला तो गोळा झाला तरी अखेर रक्ताची गांठच. खळखळून चूळ भरली, तर तोहि निसटल्यावांचून राहणार नाहीं.